सुवाह्य एएम रेडिओसंचातील स्वनिर्मित फेराइट अँटेना : तत्त्व, पद्धती व मर्यादा

प्रस्तावना :
खिशात मावणाऱ्या एएम रेडिओवर दूरचे केंद्र ऐकू आले नाही, की संच हलक्या दर्जाचा आहे असा समज करून घेतला जातो. प्रत्यक्षात उणीव बहुधा अँटेनाच्या आकारात असते. १९५४ मध्ये अमेरिकेत आलेल्या रीजन्सी टीआर-१ या ट्रान्झिस्टर रेडिओतही फेराइट अँटेना संचाच्या आतच होता. पुढे संच लहान होत गेले तशी ही कांडीही आखूड झाली. २००८ च्या सुमारास अमेरिकेतील दूरची केंद्रे ऐकण्याच्या छंदोपासकांनी लहान संचांना घरी तयार केलेले लांब फेराइट अँटेना जोडण्याचे प्रयोग केले. प्रस्तुत लेखात या फेरबदलाचे तत्त्व, पद्धती व मर्यादा स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

तत्त्व :
१००० किलोहर्ट्झच्या लहरीची लांबी ३०० मीटर असते. तिच्या तुलनेत काही सेंटिमीटरची कांडी नगण्य ठरते. तथापि फेराइट हा लोह व अन्य धातूंच्या ऑक्साइडांपासून भाजून केलेला पदार्थ लहरीतील चुंबकीय क्षेत्र आपल्याकडे एकवटतो. त्याचा विद्युतरोध जास्त असल्याने ऊर्जेचा अपव्ययही कमी होतो. कांडी जितकी लांब व जाड, तितका तिच्यावरील वेटोळ्यात निर्माण होणारा संदेश प्रबळ असतो.

पद्धती :
केवळ लांब कांडी बसविणे पुरेसे नाही. वेटोळ्याचा इंडक्टन्स आणि बदलत्या कपॅसिटरची धारकता यांवरून संच कोणत्या वारंवारतेला प्रतिसाद देणार हे ठरते. ३६५ पिकोफॅरडच्या कपॅसिटरने ५३० किलोहर्ट्झ गाठावयाचे असल्यास सुमारे २५० मायक्रोहेन्री इंडक्टन्स लागतो. धारकता १५० पिकोफॅरड असल्यास तो सुमारे ६०० मायक्रोहेन्री होतो. म्हणून जुने वेटोळे काढण्यापूर्वी त्याचा इंडक्टन्स मोजून नवे वेटोळे त्याच मूल्याचे करावे लागते. हे मूल्य चुकल्यास संचातील ऑसिलेटर व अँटेना यांचा मेळ बिघडतो आणि लांब अँटेना असूनही श्रवण पूर्वीपेक्षा खालावते.

एकाच कांडीवर इंडक्टन्स फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेटोळे कांडीच्या मध्यावर असताना तो सर्वाधिक असतो व टोकाकडे सरकविल्यास घटतो. त्यामुळे अंतिम जुळवणी वेटोळे सरकवून करता येते. परस्परांपासून विलग अशा अनेक बारीक तारांची लिट्झ तार वापरल्यास रोध कमी राहतो.

टेकसन पीएल-३८० सारख्या संचांतील सिलिकॉन लॅब्जची एसआय४७३४ ही चिप धारकता आपोआप जुळवून घेते. तिला सुमारे १८० ते ४५० मायक्रोहेन्री इंडक्टन्सचा अँटेना चालतो. अशा संचात फेरबदल तुलनेने सुकर ठरतो.

लाभ व मर्यादा :
फेराइट अँटेना दिशादर्शक असतो. कांडीचे टोक नको असलेल्या केंद्राकडे वळविल्यास त्याचा आवाज क्षीण होतो व त्याखाली दबलेले केंद्र वर येऊ शकते.

मात्र संदेशाबरोबर परिसरातील विद्युत गोंगाटही वाढतो. मोबाईलचे चार्जर, एलईडी दिवे इत्यादींची खरखर संचाच्या स्वतःच्या खरखरीपेक्षा अधिक असेल, तर मोठ्या अँटेनाचा लाभ मुख्यतः दिशा साधण्यापुरताच उरतो. म्हणून संच प्रथम मोकळ्या मैदानात नेऊन ऐकावा. तेथे केंद्र स्वच्छ ऐकू आल्यास दोष अँटेनाचा नसून परिसराचा आहे, असे समजावे. याउलट प्रक्षेपक जवळ असल्यास प्रबळ संदेशामुळे संच गोंधळण्याचीही शक्यता असते.

समारोप :
स्वनिर्मित फेराइट अँटेनाचे यश लांबीइतकेच मोजमापावर अवलंबून आहे. चालू संच उघडण्यापूर्वी मोठ्या कांडीवरील वेटोळ्याला बदलता कपॅसिटर जोडून ती संचाजवळ समांतर ठेवावी व कपॅसिटर फिरवून पाहावा. तारेने न जोडताही चुंबकीय युग्मनामुळे श्रवणात फरक पडतो. हा प्रयोग अल्प खर्चाचा आहे. इंडक्टन्स, धारकता व वारंवारता यांचा परस्परसंबंध विद्यार्थ्यांना त्यातून कानांनी पडताळता येतो, ही त्याची शैक्षणिक उपयुक्तता होय.