शूटिंग गार्ड : मैदानावरचा ‘दोन नंबर’

जागा. बास्केटबॉलमध्ये चेंडू पुढे आणून डाव रचतो तो पॉइंट गार्ड, एक नंबर. त्याच्या जोडीचा शूटिंग गार्ड, दोन नंबर. मुख्य काम लांबून बास्केट करण्याचं. चेंडू हाती येण्याआधीच त्याचे गुडघे वाकलेले असतात आणि पावलं रिंगकडे वळलेली. पास घेणं आणि फेकणं एकाच लयीत.

मापं. रिंग ३.०५ मीटर उंच. रिंगपासून तीन गुणांची रेषा आंतरराष्ट्रीय महासंघ ‘फिबा’च्या नियमांत ६.७५ मीटरवर (२०१० पर्यंत ६.२५), अमेरिकेतल्या ‘एनबीए’ लीगमध्ये समोरून ७.२४ मीटर.

फिलिपिन्स. तिथली ‘पीबीए’ ही आशियातली पहिली व्यावसायिक बास्केटबॉल लीग, १९७५ पासून. शूटिंग गार्ड ॲलन कायडिक हा या लीगचा १९९० चा सर्वोत्कृष्ट खेळाडू. १९९१ मध्ये त्याने एकाच सामन्यात ७९ गुण केले. त्यात तीन गुणांच्या १७ बास्केट. थक्क करणारा आकडा!

भारत.
• प्रशांती सिंग (वाराणसी) : शूटिंग गार्ड. अर्जुन पुरस्कार २०१७, पद्मश्री २०१९.
• शिरीन लिमये (पुणे) : गार्ड, भारताची माजी कर्णधार. २०१७ मध्ये बंगळुरूत आशिया चषकाचा ‘ब’ गट जिंकणाऱ्या संघात. अंतिम फेरीत कझाकस्तानवर ७५-७३ असा निसटता विजय.

इंदूर. रेसकोर्स रोडवरचं बास्केटबॉल कॉम्प्लेक्स हे शहरातलं या खेळाचं प्रमुख ठिकाण. मध्य प्रदेशात २०२३ च्या सुरुवातीला झालेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धेतलं बास्केटबॉल इंदुरात रंगलं.