कायरोप्रॅक्टर तुरुंगात का जात होते?

मी फिजिओथेरपिस्ट. परवा एका काकूंनी कायरोप्रॅक्टरचं रील दाखवलं: पालथा झोपलेला माणूस, पाठीवर दोन्ही तळव्यांचा दाब आणि कडकन आवाज. "हे खरे डॉक्टर असतात का हो?"

अमेरिकेत हा वाद कित्येक दशकं चालला. डी. डी. पामर यांनी १८९५ मध्ये आयोवात कायरोप्रॅक्टिक ही हातांनी मणक्यांवर दाब देण्याची उपचारपद्धती सुरू केली. १९०६ मध्ये विनापरवाना उपचारांबद्दल शिक्षा झाली, तेव्हा दंड भरण्याऐवजी ते तुरुंगात गेले.

कायरोप्रॅक्टरना परवाना देणारा कायदा कॅन्सस राज्याने १९१३ मध्ये केला, लुइझियानाने थेट १९७४ मध्ये!

अमेरिकन मेडिकल असोसिएशन या डॉक्टरांच्या संघटनेने कायरोप्रॅक्टरवर घातलेल्या बहिष्काराविरुद्ध कायरोप्रॅक्टर चेस्टर विल्क आणि सहकारी १९७६ मध्ये कोर्टात गेले, १९८७ मध्ये जिंकले. पण निकाल बहिष्कार बेकायदा असल्याचा होता, उपचार गुणकारी असल्याचा नव्हे. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो.

मान-पाठीबद्दल काही शंका असेल तर बिनधास्त विचारा.