हवेचा आसूड

सांगा बघू, पृथ्वीवरची सगळ्यात थंड जागा कुठली? अंटार्क्टिका म्हणालात ना? शाबास. तिथल्या व्होस्तोक केंद्रावर १९८३च्या जुलैत उणे ८९.२ अंश तापमान नोंदलं गेलं. पण त्याहून गारठलेली एक जागा हवेतच आहे, ध्रुवाच्या वर साधारण ८५ किलोमीटरवर. तिथं तापमान उणे १३० अंशांच्याही खाली जातं. आणि कधी? तर ऐन उन्हाळ्यात, सूर्य चोवीस तास मावळत नाही तेव्हा! हिवाळ्यात अंधार पडला की तीच जागा त्यामानानं ऊबदार होते.

नाक मुरडू नका, पुरावा आहे. त्या थंडीत तिथल्या चिमूटभर बाष्पाचं बर्फ होतं आणि उत्तरेकडच्या देशांत उन्हाळी रात्री निळसर रुपेरी ढग चमकतात. १८८५ साली युरोपातल्या लोकांनी ते हेरले.

मग ऊन असून एवढी थंडी कशी? हा उद्योग खालून येणाऱ्या लहरींचा. वादळी ढग उसळला की आजूबाजूची हवा वर ढकलली जाते. वर गेली की ती फुगते, फुगली की गार होते, आणि शेजारच्या हवेहून जड झाली की खाली येते. पण आपल्या जागी थांबते थोडीच! आणखी खाली जाते, दबते, तापते, पुन्हा उसळते. ही गुरुत्व लहर. कृष्णविवरं एकमेकांत मिसळताना निघतात त्या लहरी निराळ्या, त्यांचा इथं संबंध नाही.

आता गंमत ऐका. पोतराजाचा आसूड पाहिलाय ना? मुठीकडं जाड, टोकाकडं बारीक. हात जरासाच हलतो, पण तीच ऊर्जा बारीक टोकाशी पोचली की ते आवाजापेक्षाही वेगानं धावतं आणि फाडकन वाजतं. हवाही वर वर विरळ होत जाते. ८५ किलोमीटरवर ती जमिनीवरच्या हवेच्या लाखाव्या हिश्श्याहूनही कमी भरते. त्यामुळं खाली सेकंदाला दहा सेंटीमीटरचं हेलकावणं, जे गालालाही कळणार नाही, ते वाटेत विरलं नाही तर वर तीस मीटरचं होतं! अशी फुगत गेलेली लहर शेवटी इतकी उभी होते की जड हवा हलक्या हवेच्या डोक्यावर येते. मग लहर कोलमडते, भोवऱ्यांत फुटते.

फुटताना ती आपला रेटा तिथल्या वाऱ्याला देऊन टाकते. उन्हाळ्यात तिथले वारे पश्चिमेकडे वाहतात, आणि वरपर्यंत पोचतात त्या लहरी बहुतेक पूर्वेकडे जाणाऱ्या. वाऱ्याला अडसर होतो. पृथ्वी फिरत असल्यानं अडलेली हवा उन्हाळ्याच्या ध्रुवाकडून हिवाळ्याच्या ध्रुवाकडे सरकू लागते. मागची जागा भरायला खालून हवा चढते, फुगते आणि गारठते. पलीकडच्या ध्रुवावर ती उतरते, दबते, तापते. उन्हाचंही तिच्यापुढं काही चालत नाही.

संगणकाला मात्र हे आपणहून समजत नव्हतं. हवामानाचं मॉडेल हवेचे चौकोन पाडतं, बहुधा शंभरेक किलोमीटरचे, आणि दहा-वीस किलोमीटरच्या लहरी त्यातून निसटतात. १९८१ साली रिचर्ड लिंडझेन या अमेरिकी शास्त्रज्ञानं एक नियम दिला: लहर वाढू द्या, कोलमडायची वेळ आली की तिथंच अडवा, आणि जास्तीचा रेटा वाऱ्याच्या खात्यात टाका. इतका साधा हिशेब, पण मला विचाराल तर फार देखणा. खरी लहर काही एवढी शहाण्यासारखी मोडत नाही. जुलै २०१८मध्ये नासाचा एक फुगा स्वीडनहून कॅनडापर्यंत पाच दिवस तरंगत गेला. त्यानं त्या रुपेरी ढगांची साठ लाख छायाचित्रं काढली. त्यांत कुठं भोवऱ्यांची कडी, कुठं गुंडाळलेल्या वळ्या. महासंगणकावर एकेक लहर बारकाईनं मोडून पाहणारे शास्त्रज्ञ तीच चित्रं आपल्या आकड्यांशी ताडून बघतात.

आपल्याकडं रुपेरी ढग दिसायचे नाहीत, पण नव्वदेक किलोमीटरवरची हवा रात्री स्वतःच मंद उजळते. भारतीय भूचुंबकत्व संस्थेनं पन्हाळ्यावर कॅमेरा लावून त्या उजेडातले लहरींचे पट्टे टिपले आहेत. कुठल्या वादळातून किती लहरी सुटतात, हा आकडा मॉडेलमध्ये आजही बराचसा अंदाजानंच घालावा लागतो. म्हणून तर एवढी टेहळणी.