पोचा, सळई आणि उजेडाची रेष

घरातला पितळी गुंड हातून निसटला की आमच्या वऱ्हाडात आजी म्हणायची, "पोचा पडला, कासाराकडं न्या लागते." कासार गुंड आडवा धरायचा, आत लोखंडी दांडा सरकवायचा, बाहेरून मोगरीचे हलके ठोके द्यायचा आणि पत्रा होता तिथं परत आणायचा. वर काही लिंपायचं नाही, काही रंगवायचं नाही. पुण्याच्या तांबट आळीत पेशवाईपासून चालत आलेलं मठारकाम असो की भंडाऱ्याची पितळी भांडी, ठोक्यानं वाकलेला धातू ठोक्यानंच वळणावर येतो हे या कारागिरांना हाताला ठाऊक होतं. पुढं स्वयंपाकघरात स्टील आलं, कासाराकडं जाणं सुटलं आणि 'पोचा' हा शब्दही माझ्या तोंडून गेला.

तो पुन्हा कानावर पडला अमरावतीत, बडनेरा रस्त्यालगतच्या एका शेडमध्ये. पांढऱ्या मोटारीच्या दारासमोर एक तरुण बैठ्या स्टुलावर बसला होता. "रंगाले हात न लावता पोचा निघते काका," तो म्हणाला. "फक्त रंग फाटेल नसला पायजे."

या विद्येला बाजारात 'पीडीआर' म्हणजे पेंटलेस डेंट रिपेअर म्हणतात. लांबी नाही, पॉलिश पेपर नाही, रंगाची बंदूक नाही. पत्रा मागच्या बाजूनं सळईनं ढकलत किंवा पुढून ओढून मूळ जागी आणायचा, एवढंच काम. एवढंच म्हटलं, पण त्या तरुणाला पहिलं दार धड जमायला सहा महिने लागले होते.

मला या कामाचं महत्त्व स्वतःच्या नुकसानीतून कळलं. काही वर्षांपूर्वी आमच्या चंदेरी गाडीच्या दारावर एका दुचाकीचं हँडल आदळलं. सुपारीएवढा पोचा, रंग शाबूत. गाडी एका गॅरेजात टाकली. तिथं दार घासलं, लांबी भरली, पुन्हा रंगवलं. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात ते दार दुसऱ्याच गाडीचं वाटायचं. दुसऱ्या पावसाळ्यानंतर लांबीच्या कडेनं रंग फुगला. माणसं कष्टाळू होती, मापात काम केलं होतं. सुपारीएवढ्या खड्ड्यासाठी आख्ख्या दाराचा रंग घालवला, चूक तिथं झाली.

कारण कारखान्याचा रंग एकदाच मिळतो. काच, रबर, वायरी बसवण्याआधी मोटारीचा नुसता पत्र्याचा सांगाडा टाकीत बुडवतात, विजेच्या मदतीनं त्यावर पहिला थर चढवतात आणि दीडशे अंशांहून जास्त तापलेल्या भट्टीत भाजतात. त्यावर आणखी थर, शेवटी पारदर्शक लॅकर. सगळं मिळून जाडी साधारण १०० ते १३० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा आठवा-दहावा हिस्सा. रस्त्यावर धावणारी गाडी पुन्हा तशी भाजता येत नाही, तिच्यातलं प्लास्टिक आणि रबर खराब होऊन जाईल. चांगल्या बूथमध्ये साठेक अंशांवर रंग वाळवतात, साध्या गॅरेजात उन्हात. म्हणून जुन्या गाड्यांचा जाणता व्यापारी रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र खिशात ठेवतो. आकडा दुपटीनं वाढला की त्याला कळतं, इथं हात फिरलेला आहे.

त्या दिवशी मी तासभर बसून पाहिलं. दारासमोर आडव्या रेषांचा दिवा ठेवलेला. रेषा दाराच्या रंगात आरशासारख्या उमटत होत्या, पोच्याजवळ येऊन वाकत होत्या. काचेची फट पाचरीनं जरा उघडून त्यातून वाकड्या टोकाची लांब सळई आत गेली. टोक नेमकं कुठं टेकलंय हे दिसायचं कसं? तो हलकेच दाबायचा आणि रेषेत जिथं बारीक थरथर उठायची तिथं टोक आहे असं समजायचा.

"पोच्याकडं नाई पाहाचं काका, रेषेकडं पाहाचं. पोच्याकडं पाह्यलं का हात घाई करते."

मग दाब. अर्ध्या मिलिमीटरचाही नाही इतका बारीक. पुन्हा रेष पाहायची, पुन्हा दाब. मधूनच तो नायलॉनच्या टोकाचा खिळा आणि छोटी हातोडी घेऊन पोच्याच्या बाहेरच्या कडेला टक्‌टक् करायचा. मला ते उलटं वाटलं. खड्डा वर आणायचा तर कड खाली का ठोकता? त्यानं दिलेल्या उत्तरात या सगळ्या विद्येचं मर्म आहे.

"पत्र्याले याद राह्यते. तो कसा होता हे त्याले ठाऊक राह्यते. आपुन फक्त त्याले मोकळं करा लागते."

त्याचं म्हणणं धातुशास्त्राला धरून आहे. दाराचा पत्रा पाऊण मिलिमीटरच्या आसपास जाड. दणका बसतो तेव्हा मधला थोडासा भागच कायमचा ताणला जातो. भोवतालचा पत्रा लवचिक असतो, परत यायला तयार असतो, पण पोच्याच्या कडेनं उठलेला उंचवटा त्याला कुलपासारखा धरून ठेवतो. तो उंचवटा आधी खाली बसवायचा, की पत्रा निम्म्या वाटेवर आपणच येतो. उरलेलं सळईचं काम. घाईनं एकदाच जोर लावला तर रंगावर मुरूम उठतो, नाही तर पत्रा इतका ताणला जातो की बोट लावताच डब्यासारखा वाजतो. तसा वाजू लागलेला पत्रा सावरणं फार अवघड.

जिथं मागून सळई पोचत नाही, छताच्या पट्टीजवळ किंवा दुहेरी पत्र्यात, तिथं गरम गोंदानं प्लास्टिकचं बटण चिकटवून पुढून ओढतात. गोंद नंतर अल्कोहोलनं सुटतो, रंगाला काही होत नाही. इथं वऱ्हाडाचं हवामान आडवं येतं. थंडीत रंग ठिसूळ असतो, म्हणून पत्रा आधी कोमट करावा लागतो. उलट मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या पुढं गेला की बोनेटवर हात ठेववत नाही आणि गोंद धरत नाही. उन्हाळ्यात गोंदाची कामं पहाटे उरकायची, हे परदेशी व्हिडिओत कुणी शिकवत नाही. ते इथल्या माणसानं इथंच शोधलं.

ही पद्धत जर्मनीतल्या मोटार कारखान्यातून आली असं सांगतात. ऑस्कर फ्लाइग या मर्सिडीजच्या कारागिराचं नाव आणि १९६० हे साल त्याला जोडलं जातं. ती जगभर पसरली ती मात्र गारांमुळं. १२ जुलै १९८४ ला म्युनिकवर गारा पडल्या तेव्हा दोन लाखांच्या आसपास मोटारींना पोचे पडले. इतक्या गाड्या रंगवणार कोण आणि किती दिवसांत? आज अमेरिकेत आणि युरोपात गारांचा हंगाम पाहून गावोगाव फिरणाऱ्या कारागिरांच्या टोळ्या आहेत.

गारा आपल्यालाही नव्या नाहीत. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि ११ फेब्रुवारी २०१८ ला विदर्भ-मराठवाड्यानं त्या सोसल्या. गारपीट म्हटलं की आधी आडवा झालेला हरभरा आणि गहू आठवतो, वरूड-मोर्शीच्या बागांत मातीत पडलेला संत्रा आठवतो. त्या नुकसानीपुढं मोटारीचे पोचे काहीच नाहीत. पण त्याच गारांखाली भाड्याच्या गाडीवर पोट असणाऱ्याची जीपही उभी असते. तिच्या छताला शंभर पोचे आणि रंग शाबूत, अशा वेळी हीच विद्या कामाची.

एरवीच्या दिवसांत धंद्याचा कणा वेगळा आहे, तो विम्याच्या हिशेबात सापडतो. वर्षभर दावा केला नाही तर गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात पहिल्या वर्षी २० टक्के सूट मिळते, ती चढत ५० टक्क्यांवर जाते, आणि एक दावा केला की शून्यावर येते. समजा हप्त्याचा हा भाग १२ हजार आहे आणि सूट ५० टक्के. दोन हजारांच्या पोच्यासाठी दावा केला तर पुढच्या वर्षी सहा हजारांची सूट गेली, शिवाय दाव्यातून हजार-दोन हजार कापले जातात ते वेगळेच. म्हणून शहाणा गाडीमालक खिशातून पैसे देतो. जुन्या गाड्यांचे व्यापारी आणि शोरूम ही बाकीची गिऱ्हाइकं.

भांडवल थोडं लागतं. कंप्रेसर नको, बूथ नको. सळ्या, दिवा, गोंदाचं सामान, दुचाकीवर मावेल अशी एक पिशवी.  शेडमधला हा तरुण ती घेऊन अमरावतीहून सकाळी निघतो, अकोल्यातली दोन-तीन कामं करून रात्री घरी येतो. मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं, सुरुवातीचा संच त्यात बसू शकतो. महाग आहे तो काळ. भंगारातल्या बोनेटवर रोज चार तास, कमाई शून्य, असे कित्येक महिने काढावे लागतात. त्या महिन्यांसाठी कर्ज देणारी योजना मला कुठं आढळली नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ कारागिरांत लोहार आहे, कुलूप बनवणारा आहे. कासार-तांबटाचं वेगळं नाव नाही, डेंटरही नाही. आयटीआयच्या अभ्यासक्रमांत पत्राकाम आहे, मोटारीच्या बॉडीची दुरुस्ती आहे. त्याच वर्गात रेषांचे चार दिवे आणि दहा सळ्या ठेवल्या तर अमरावती विभागातल्या मुलाला हे शिकायला पुण्या-मुंबईला जावं लागणार नाही. हे व्हावं, असं मला मनापासून वाटतं.

त्या दिवशी शेडमध्ये शेवटी त्या तरुणानं सळई काढली, दार फडक्यानं पुसलं. रेषा सरळ झाल्या होत्या. शेजारच्या लाल गाडीचा मालक वाट पाहत होता, पण तिच्या पोच्याच्या धारेवर रंगाला तडा होता. तरुणानं ते काम घेतलं नाही, पेंटरकडं जायला सांगितलं. "नाई म्हणता आलं पायजे काका. तडा गेलेल्या रंगावर पैसे घेतले का धंदा बुडते."

तुमच्या गाडीला पोचा पडला तर घरी हातोडी लावू नका, उकळतं पाणी ओतू नका. त्यावरून हलकेच नख फिरवा. नख कुठं अडलं नाही आणि रंगाला चीर दिसली नाही, तर दार रंगवायला देण्याआधी अशा एखाद्या सळईवाल्याला एकदा दाखवा.