चित्राचं काय द्यायचं?

गणपती गेले की चित्रकारांचे फोन वाजू लागतात. पलीकडचं बोलणं ठरलेलं: ‘कथा व्हॉट्सअॅपवर टाकलीये. परवापर्यंत दोन रेखाटनं द्या, अंक प्रेसमध्ये जायचाय.’ पैशांचा विषय निघत नाही. चित्रकारानं चाचरत काढलाच तर उत्तर येतं, ‘बघू हो, आपलंच काम आहे.’ हे वाक्य संपादक म्हणून मीही पुष्कळदा म्हटलंय.

एका वर्षी एका नवख्या चित्रकर्तीकडून मुखपृष्ठाची पाच रफ करून घेतली. शेवटी पहिलंच पसंत पडलं आणि पैसे एका चित्राचे दिले. तिच्या वहीत तारखा मांडलेल्या होत्या. रफ, दुरुस्त्या, रंग धरून अकरा दिवस. घरी येऊन मी भागाकार केला. आमच्याकडे गठ्ठे बांधणाऱ्या पोऱ्याची दिवसाची मजुरी त्याहून जास्त निघाली.

खरं तर दिवाळी अंक स्टॉलवर आधी डोळ्यांनी विकत घेतला जातो. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तिथून ही परंपरा धरतात. १९४५ मध्ये दीनानाथ दलालांनी ‘दीपावली’ सुरू केला. तिथं चित्रकारच मालक, त्यामुळे मुखपृष्ठाचं काय द्यायचं हा प्रश्न बहुधा उठलाच नसेल. ‘ललित’मधला ठणठणपाळ लिहिला जयवंत दळवींनी, पण आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो तो वसंत सरवट्यांनी काढलेला. एवढं असूनही अंकाच्या हिशेबात कागद, छपाई, टपाल झाल्यावर जे उरेल त्यात चित्रं बसवायची. शिवाय त्या रकमेला म्हणायचं ‘मानधन’. मान आला की घासाघीस करणं असभ्य ठरतं, आणि ते नेमकं देणाऱ्याच्या सोयीचं असतं. चित्राला दर असावा, तो आधी सांगावा.

कायदा आपोआप चित्रकाराला सांभाळतो, असा एक गोड समज आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात एरवी निर्माताच पहिला हक्कदार. पण मोबदला देऊन काढून घेतलेलं रंगचित्र किंवा व्यक्तिचित्र असेल आणि वेगळा करार नसेल, तर हक्क चित्र काढून घेणाऱ्याकडे जातो. म्हणजे गप्प बसण्यात तोटा चित्रकाराचा. उलट, चित्रकाराकडचे हक्क हस्तांतरित करायचे तर ते लेखी आणि सहीनिशीच व्हावे लागतात. मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. कॅलेंडर, पिशव्या, पुढच्या वर्षीची जाहिरात यांवर तेच चित्र छापायचं असेल तर तसं आधी लिहावं आणि त्याचे वेगळे पैसे द्यावेत. हक्क विकले तरी कलम ५७ प्रमाणे चित्रावर आपलं नाव सांगण्याचा अधिकार चित्रकाराकडेच राहतो. चित्राची सही कापून मथळा बसवणाऱ्या मांडणीकारांनी एवढं तरी वाचावं.

उधारीचं दुखणं जुनंच. चित्रकाराची ‘उद्यम’ नोंदणी असेल, तर सूक्ष्म उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यानं लेखी मुदत ठरलेली असली तरी ४५ दिवसांच्या आत पैसे चुकते करावे लागतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढीनं व्याज. ‘जाहिरातींचे पैसे आले की देतो’ ही सबब त्यात बसत नाही. हे व्याज मागायला गेलं तर पुढच्या वर्षी फोन येणार नाही, हेही प्रत्येक चित्रकाराला ठाऊक असतं. म्हणून निम्मे पैसे काम सुरू होताना आणि बाकीचे अंतिम फाइल हाती आल्यावर, हीच रीत बरी. काम आपल्याकडून रद्द झालं तर झालेल्या रफांचे पैसेही द्यायचे. आणि ‘नमुन्यादाखल एक फुकट काढून दाखव’ हे तर मुळीच नाही. जुनं काम बघून माणूस निवडता येत नसेल तर तो दोष बघणाऱ्याचा.

गेल्या वर्षी त्याच चित्रकर्तीला पुन्हा विचारलं. या खेपेला आधी एक पानी पत्र धाडलं: विषय, आकार, तारीख, रक्कम, वापर फक्त या अंकापुरता. दोन दिवसांनी ते सही होऊन परत आलं. ‘दुरुस्त्या आवश्यकतेनुसार’ या माझ्या ओळीवर तिनं लाल रेघ मारली होती आणि वर लिहिलं होतं, ‘दोन. तिसरीपासून जादा पैसे.’ मी शेजारी सही केली.