फ्लॅश गेलं, स्कॉर्म राहिलं

ऑनलाइन कोर्स बनवणाऱ्या मंडळींना पॅकेज कशात हवंय म्हणून विचारलं, तर आजही हमखास उत्तर येतं, ‘स्कॉर्म वन पॉइंट टू’. कोर्सचं पॅकेज आणि ते चालवणारी शिक्षणप्रणाली यांना जोडणारं हे मानक ऑक्टोबर 2001 मधलं. पुढे 2004 ची आवृत्ती आली, 2013 मध्ये एक्सएपीआय 1.0, 2016 मध्ये सीएमआय-5 ही नवी मानकं आली. म्हातारबुवा मात्र खुर्ची सोडत नाहीत.

त्यात उणिवा कमी नाहीत. शिकणारा कुठे थांबला हे नोंदवायला जागा 4,096 अक्षरांची. लांबलचक कोर्समध्ये ती भरली की पुढच्या वेळी ‘जिथे सोडलं तिथून’ हा प्रकार बोंबलतो. ‘पूर्ण केला’ आणि ‘पास झाला’ यांना मिळून एकच रकाना. 2004 च्या आवृत्तीने रकाने वेगळे केले, पण सोबत धड्यांच्या क्रमाचे असे किचकट नियम आणले की मूडलसारख्या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या प्रणालीनेही ते पुरते राबवले नाहीत. सोपं होतं ते टिकलं.

टूल्सचं नशीब वेगळं. 2005 मध्ये अडोबीने ऑथरवेअर आणि फ्लॅश ही टूल्स बनवणारी मॅक्रोमीडिया विकत घेतली आणि दोन वर्षांत ऑथरवेअरचा विकास थांबवला. फ्लॅशला आयफोनने दारातच अडवलं. 2017 मध्ये अखेरीची घोषणा झाली आणि 31 डिसेंबर 2020 ला पाठिंबा संपला.

मराठी कोर्सना याचा फटका दुहेरी बसला. 2008 च्या फ्लॅश प्लेअर 10 पर्यंत देवनागरीची धड सोय नव्हती. जोडाक्षरं फुटत, वेलांटी भलतीकडे जाई. मग युनिकोडपूर्व फाँटमध्ये मजकूर टाकायचा आणि ‘ब्रेक अपार्ट’ करून अक्षरांची चित्रं करून टाकायची. पडद्यावर देखणं दिसे. पण फ्लॅश सोडून सगळं एचटीएमएल-5 मध्ये आणायची वेळ आली तेव्हा त्या अक्षरांत मजकूर उरलाच नव्हता: ना शोधता येई, ना कॉपी करता येई. ज्यांनी संहिता वेगळी जपली नव्हती, त्यांना स्क्रीन बघून टंकत बसण्यावाचून गत्यंतर नव्हतं. जपलेली संहिता जुन्या फाँटमध्ये असली, तर आधी कन्व्हर्टर आणि मग मुद्रितशोधन.

म्हणून टूल निवडताना मी ॲनिमेशनच्या करामती शेवटी बघतो. आधी बघतो, आत टाकलेला मजकूर बाहेर कसा निघतो. नॉर्वेत जन्मलेल्या, मोफत एचफाइव्हपीची फाइल म्हणजे साधी झिप असते. उघडली की आतल्या जेसन फाइलमध्ये प्रश्न आणि उत्तरं वाचता येतात. स्टोरीलाइन हे दुसरं टूल काम झपाट्याने करतं, यात वाद नाही. पण त्याची मूळ फाइल स्टोरीलाइनमध्येच उघडते, आणि तेही विंडोजवर.

शाळा, संस्था, सरकारी खाती बाहेरून कोर्स करून घेतात तेव्हा हाती फक्त प्रकाशित पॅकेज पडतं. म्हणून कंत्राटात एक कलम जरूर घाला: मूळ प्रोजेक्ट फाइली, युनिकोडमधली संहिता, सुटी चित्रं आणि ध्वनिफिती मिळाल्याशिवाय शेवटचा हप्ता नाही.