तळीराम खलपुरुष आहे काय?

हिंगणी हें वर्धा जिल्ह्यांतील बोर धरणाजवळचें गांव. तेथें आमच्या आप्तांच्या घरीं गेल्या दिवाळींत रात्रीच्या जेवणानंतर ‘एकच प्याला’ नाटकाचें वाचन झालें. वाचन संपतांच वडील मंडळींनीं एकमुखानें निकाल दिला, “सारा घात त्या मेल्या तळीरामानें केला!” त्यावर धाकट्या सूनबाई हळूच म्हणाल्या, “मामंजी, पेला तळीरामानें भरला हें खरें. पण ओठांना कोणीं लावला?” तो प्रश्न आमच्या मनांतून अद्याप गेलेला नाहीं.

या नाटकाचे कर्ते राम गणेश गडकरी यांनीं ता. २३ जानेवारी १९१९ रोजीं आपल्याच विदर्भांत, सावनेर येथें देह ठेविला. पुढें त्याच सालीं गंधर्व नाटक मंडळीनें तें रंगभूमीवर आणिलें व बालगंधर्वांनीं सिंधूची भूमिका केली. तेव्हांपासून तळीरामाचें नांव मद्यप्याला पर्यायशब्द होऊन बसलें आहे.

तळीराम निर्दोष आहे, असें आम्ही म्हणत नाहीं. सुधाकराच्या दुःखाची घटका साधून त्यानेंच त्याला मद्याचा मार्ग दाखविला. परंतु खलपुरुष म्हटला म्हणजे त्याच्या अंगीं हेतु असावा लागतो. शेक्सपिअरचा इयागो दुसऱ्याचा संसार मोडावयाचा म्हणून जाळें विणतो. तळीरामाला सुधाकराचा नाश करून काय मिळावयाचें होतें? तो स्वतःच बुडालेला. बुडणारा सोबती शोधतो, तसा त्यानें शोधला. आपल्या व्यसनाची किंमतहि तो प्राणांनीं देतो.

आतां सुधाकराकडे पाहावें. तो बुद्धिमान्, कर्तबगार वकील. न्यायालयांत मुनसफाशीं खटका उडून त्याची सनद तहकूब होते आणि तो अपमान त्याला गिळवत नाहीं. मध्यंतरीं तो मद्य सोडण्याचा निश्चय करितो; पण नोकरीसाठीं दारोदार फिरतांना पुन्हां मानहानि होते आणि निश्चय ढासळतो. येथें त्याला ढकलतो तो दुखावलेला अभिमान. पुढें पोटच्या पोरावर आणि सिंधूवर हात उठतो, तोहि सुधाकराचाच.

मग आपण सारे तळीरामावर कां तुटून पडतों? कारण सुधाकर ‘आपला’ आहे. आपल्याहि घरांत मुलगा वाहवला कीं आपण म्हणतों, ‘पोरगा सोन्यासारखा, संगत वाईट!’ दोष उंबरठ्याबाहेर टाकला कीं घरांत कोणाला कांहीं विचारावें लागत नाहीं. सिंधु तर मरतांनाहि पतीला वाचवूं पाहते. तिच्या पतिनिष्ठेपुढें आपण मस्तक नमवितों. पण घराचें हेंच मौन सुधाकराला अखेरपर्यंत पाठीशीं घालीत राहिलें, हेंहि विसरतां येत नाहीं.

वर्धा जिल्ह्यांत १९७४ पासून दारूबंदी आहे. तरीहि चोरटी दारू गांवोगांव पोंचते, हें तेथील स्त्रिया जाणतात. कायदा फार तर तळीरामाचा हात धरील. सुधाकराचा अहंकार धरणें हें घराचेंच काम.

म्हणून आमचें मत असें: तळीराम अपराधी खरा, पण खलपुरुष नव्हे. आणि त्याला खल ठरवून आपण सुधाकराला सोडून देतों, यांतच सिंधूचा दुसरा घात आहे. सूनबाईंच्या प्रश्नाचें उत्तर त्या रात्रीं कोणीं दिलें नाहीं. वाचकांनीं तें आपापल्या घरीं द्यावें.